बीजी-२ कापसातही गुलाबी बोंडअळी : रेफ्युजी बियाण्याचा उपयोग किती आणि जबाबदारी कोणाची?

प्रश्न : शिवधडी (अथणी तालुका)

नमस्कार. अथणी तालुक्याच्या पूर्व भागात आमची काळी जमीन आहे. उसाला पुरेल इतके पाणी नसल्यामुळे तूर, मका आणि कापूस यांवरच आमचे वर्ष चालते. गेल्या हंगामात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापूस दिसायला उत्तम होता. पाने हिरवी, बोंडे भरलेली आणि बाहेरून कोठेही छिद्र नाही. वेचणीला सुरुवात झाली तेव्हा मात्र बरीच बोंडे अर्धवट उमललेली निघाली. एकेका बोंडातील एक-दोन कप्पे पिवळट पडून घट्ट चिकटलेले होते आणि त्यांतील सरकी आतून पोखरलेली होती. काही बोंडे मी हिरवी असतानाच चाकूने कापून पाहिली, तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. शेजारच्या शेतांतही हीच स्थिती होती, आणि सर्वांचे बियाणे बीजी-२ (अळीला मारणारी दोन जनुके घातलेला बीटी कापूस), तेही पावतीसह घेतलेले.

माझ्या शंका अशा. पूर्वी बियाण्यासोबत ४५० ग्रॅम बीटी आणि १२० ग्रॅम नॉन-बीटी (ती जनुके नसलेले, यालाच रेफ्युजी म्हणतात) अशी दोन पाकिटे मिळत आणि लहान पाकीट शेताच्या कडेने पेरा असे सांगितले जाई. आमच्या गावात ते पेरल्याचे मी क्वचितच पाहिले. आता ४७५ ग्रॅमच्या एकाच पाकिटात दोन्ही मिसळून येते. हे मिश्रण खरोखर पुरेसे आहे, की केवळ नियमाची पूर्तता आहे? शिवाय, मी एकट्याने रेफ्युजी नीट राखली आणि आजूबाजूच्यांनी राखली नाही, तर मला काही लाभ होतो का? आमच्या तालुक्याला लागून जत तालुका आहे. तिकडे महाराष्ट्राचे आदेश, इकडे कर्नाटकाचे, आणि पतंग तर दोन्हीकडे फिरणारच.

आणखी एक गोष्ट. पेरणीआधी काही माणसे बिनपावतीची पाकिटे घेऊन फिरतात आणि ‘तणनाशक मारले तरी कापूस जळत नाही, अळीही येत नाही’ असे सांगतात. हे बियाणे मान्यताप्राप्त आहे का, आणि या सगळ्याची तक्रार करायची झाल्यास नेमकी कोणाकडे? कृषी खात्याची कन्नड पत्रके मला वाचता येतात, परंतु त्यांत काय करावे एवढेच असते, का करावे हे नसते; मराठी मासिकांतील वेळापत्रके बहुधा विदर्भाच्या हंगामाला धरून असतात. म्हणून येथे विचारतो आहे.

उत्तर : कीडमोजणी (धारवाड)

आपण केलेले वर्णन गुलाबी बोंडअळीचेच आहे. या किडीची मादी पात्या (फुलांच्या कळ्या), फुले आणि कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते. फुलात शिरली तर ती पाकळ्या आतून धाग्यांनी बांधते, त्यामुळे फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे दिसते. यालाच डोमकळी म्हणतात. पिकात डोमकळ्या दिसू लागल्या की पुढच्या पिढीची तयारी झाली असे समजावे. अळी एकदा बोंडात गेली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून बाहेरून निरोगी दिसणारे शेत आतून गेलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे. बीटी कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यामुळे झाडाच्या पेशींत क्राय१एसी हे प्रथिन तयार होते. २००२ च्या मार्च महिन्यात केंद्राच्या समितीने पहिल्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली, त्यांत फक्त हे एक जनुक होते. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरे जनुक जोडलेले बीजी-२ आले. कल्पना अशी होती की, लाखांत एखादी अळी या विषाला दाद न देणारी असली, तरी ती कोपऱ्यातील नॉन-बीटी झाडांवर वाढलेल्या असंख्य साध्या पतंगांपैकी एखाद्याशीच मीलन पावेल. त्या जोडीच्या संततीत प्रतिकाराचे जनुक एकेरी राहील, आणि झाडात विषाचे प्रमाण पुरेसे असल्यास तीही मरेल. बीटी क्षेत्राच्या २० टक्के किंवा सभोवती पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढे नॉन-बीटी पेरण्याचा नियम याच तर्कावर उभा होता.

हा तर्क चुकीचा नव्हता, परंतु भारतात तो तीन ठिकाणी अडखळला. पहिले ठिकाण म्हणजे किडीचे खाद्य. हिरवी अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचे कणीस असे पुष्कळ काही खाते, त्यामुळे कोणी नॉन-बीटी पेरले नाही तरी आपल्या भागातील तुरीच्या पट्ट्यांनीच तिच्यासाठी रेफ्युजीचे काम आपोआप केले, आणि त्या अळीविरुद्ध बीटीचा प्रभाव बराच काळ टिकला. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते. भेंडी, अंबाडी यांसारख्या त्याच कुळातील थोड्या झाडांवर ती आढळते, पण त्यावर तिची मोठी संख्या पोसली जात नाही. तिच्यासाठी नॉन-बीटी कापूस नसेल तर दुसरा आसरा नाही. मध्यंतरी काही पाकिटांतून नॉन-बीटी सरकीऐवजी तुरीचे बियाणे दिले गेले. अमेरिकन बोंडअळीच्या दृष्टीने त्याला काही अर्थ होता, गुलाबीच्या दृष्टीने शून्य.

दुसरे ठिकाण संकरित वाणांचे, आणि मला वाटते की याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे सरळ (संकर न केलेल्या) वाणांत जनुक आहे, म्हणून बोंडातील प्रत्येक सरकीत विष असते. आपल्याकडे संकरित बियाणे पेरतात. त्यात जनुक एकाच पालकाकडून येते, त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातील सरक्यांत ते विभागले जाते. दोन जनुकांचा हिशेब मांडला तर १६ सरक्यांपैकी ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये एकच, आणखी ३ मध्ये दुसरेच, आणि १ मध्ये कोणतेही नाही, असे प्रमाण पडते. म्हणजे एकाच बोंडात बसलेल्या अळीला बिनविषारी, अर्धविषारी आणि पूर्ण विषारी असे दाणे एका रांगेत मिळतात. जिच्यात प्रतिकाराचे एकच जनुक आहे अशा अळीला तगून राहण्यासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था नाही. त्यातच क्राय१एसीचे प्रमाण हंगामाच्या उत्तरार्धात घटत जाते, आणि नेमक्या त्याच काळात ही कीड वाढते.

तिसरे ठिकाण लांबलेला हंगाम. पाणी आहे आणि भाव बरा आहे म्हणून पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवले की किडीच्या आणखी दोन-तीन पिढ्या विषाच्या संपर्कात निवडल्या जातात.

परिणाम सर्वांसमोर आहे. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत बीजी-१ वर गुलाबी बोंडअळी जगत असल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. त्यानंतर चार-पाच वर्षांत तिकडे बीजी-२ वरही ती दिसू लागली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात मोठे नुकसान झाले. याउलट चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरल्यामुळे शेतात सुमारे २५ टक्के झाडे आपोआप नॉन-बीटी निघाली आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. तो मागे हटला याचे एक कारण असे की तेव्हा प्रतिकारक अळ्यांचे प्रमाण अजून कमी होते. आपल्याकडे ती वेळ निघून गेली आहे.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : मिश्र पाकिटात ५ ते १० टक्के नॉन-बीटी असते, म्हणजे ४७५ ग्रॅममध्ये साधारण २४ ते ४७ ग्रॅम. वेगळे पाकीट बांधावर फेकले जाण्यापेक्षा हे निश्चित बरे, कारण ते न पेरण्याचा पर्यायच उरत नाही आणि दोन्ही झाडे एकाच वेळी फुलावर येतात. गुलाबी अळी एका बोंडातून दुसऱ्या झाडावर फारशी जात नसल्याने मिश्रणाला आक्षेपही कमी आहे. पण ज्या भागात बहुसंख्य अळ्या दोन्ही विषे पचवू लागल्या आहेत तेथे एवढ्या नॉन-बीटीने चित्र पालटणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आले. पतंग उडतात, एकट्याच्या शेतातील रेफ्युजीचे फळ शिवाराला मिळते आणि शिवाराच्या हलगर्जीचे फळ आपल्याला. बीटीने आता अमेरिकन आणि ठिपक्यांची बोंडअळी आवरली जाते, गुलाबीसाठी बियाण्यावर भिस्त ठेवू नये.

उत्तर : मलप्रभाकाठ (बैलहोंगल)

वरील उत्तर शास्त्राच्या बाजूने बिनचूक आहे, पण त्याचा सूर वाचताना असे वाटते की शेतकऱ्याने रेफ्युजी पेरली नाही म्हणून हे सारे घडले. त्यास माझी हरकत आहे.

चार एकरांच्या मालकाला २० टक्के जागा अळीसाठी सोडा असे सांगताना त्या जागेतील तुटीची भरपाई कोण देणार हे कोणी सांगितले नाही. त्या लहान पाकिटातील बियाण्याची उगवण आणि पक्वतेचा काळ मुख्य बियाण्याशी जुळेल याची खात्री शेतकऱ्याला कधीच देता आली नाही, आणि विक्रेत्याने त्याविषयी दोन वाक्ये बोलल्याचे आमच्या बाजारात तरी कोणाला आठवत नाही. नियम कागदावर कडक होता. तो पाळला जातो की नाही हे शेतात येऊन पाहणारी यंत्रणा नव्हती. जो नियम पाळला जाणार नाही हे पहिल्या दोन हंगामांतच दिसले, तो पुढे अनेक वर्षे तसाच का ठेवला? मिश्र पाकीट २००६ मध्ये बीजी-२ बरोबरच का आले नाही?

संकरित वाणांविषयीचा मुद्दा मला पटतो, आणि तोच नियमनाचा खरा दोष आहे असे मी म्हणेन. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून ते कंपन्यांना सोयीचे. मान्यता देणाऱ्या समितीने मात्र जनुक सुरक्षित आहे का एवढेच पाहिले, ते कोणत्या प्रकारच्या वाणातून, किती लांब हंगामात आणि किती क्षेत्रावर वापरले जाणार याचा विचार मान्यतेच्या अटींत उतरला नाही. पुढे एकाच प्रकारचे तंत्रज्ञान देशातील बहुतेक कापूसक्षेत्रावर पसरले. कीड निवडली जाण्यासाठी आणखी काय हवे होते? सरळ वाणात बीटी आणण्याचा सरकारी प्रयत्न आपल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठात आणि नागपूरच्या कापूस संशोधन केंद्रात झाला होता. बिकानेरी नरमा या वाणाचे ते बियाणे २००९ मध्ये शेतकऱ्यांना दिलेही गेले, पण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाचा अंश सापडल्यामुळे ते मागे घ्यावे लागले. ती नामुष्की झाली नसती, तर आज आपण घरचे बियाणे राखणारा बीटी कापूस पेरत असतो.

आमच्या भागातील जुन्या लोकांना जयधर कापूस आठवतो. धागा आखूड, उत्पन्न माफक, पण पावसाच्या ताणाला आणि रोगाला दाद देत नसे. नंतर धारवाडच्याच डीसीएच-३२ या लांब धाग्याच्या संकराने पैसा दाखवला आणि त्याबरोबर फवारणीही वाढवली. बोंडअळीचे संकट बीटीमुळे सुरू झाले असे मी म्हणत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकन अळीने कर्जबाजारी केलेली घरे मी पाहिली आहेत, आणि बीटी आल्यावर पहिली काही वर्षे फवारणी खरोखर कमी झाली होती. १९९८ मध्ये कर्नाटक राज्य रयत संघ या शेतकरी संघटनेने रायचूर भागातील चाचणीचे कापूसप्लॉट उपटून जाळले तेव्हा मला ते आततायीपणाचे वाटले होते आणि आजही वाटते. पण त्या आंदोलनाने विचारलेला एक प्रश्न, की बियाणे अयशस्वी झाले तर उत्तरदायी कोण, तो अद्याप तसाच पडून आहे.

वांग्याच्या बाबतीत उलट टोक गाठले गेले. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीसाठीचे बीटी वांगे ऑक्टोबर २००९ मध्ये समितीने संमत केले आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते स्थगित केले. ती स्थगिती आजही आहे. ज्या स्थानिक वाणांत धारवाडला ते जनुक घातले गेले त्यांत आपल्या रायबाग तालुक्यातील कुडचीचे वांगेही होते, आणि स्थानिक वाण परवानगीविना वापरल्याबद्दल जैवविविधता कायद्याखाली तक्रारही झाली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला मान्यता दिली. आपण एका पिकाला मान्यता देऊन विसरून गेलो आणि दुसऱ्याला थांबवून विसरून गेलो. कुडची-उगारच्या वांगी उत्पादकाला फवारणीवाचून गत्यंतर नाही, याचा विचार दोन्ही निर्णयांत नव्हता.

उत्तर : बियाणे_परवाना (बेळगाव, निवृत्त)

कायद्याच्या बाजूचे उत्तर मी देतो, कारण माझी नोकरी त्याच कामात गेली.

जनुक-परिवर्तित बियाण्याचे नियमन बियाणे कायद्यातून नव्हे, तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांतून होते. प्रयोगशाळा आणि लहान चाचण्यांवर जैवतंत्रज्ञान विभागातील पुनरावलोकन समिती लक्ष ठेवते. पर्यावरणात सोडण्याची मान्यता केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती) देते. २०१० मध्ये तिच्या नावातील ‘मान्यता’ जाऊन तेथे ‘मूल्यमापन’ आले. त्याच नियमांत राज्यपातळीवर मुख्य सचिवांच्या आणि जिल्हापातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या सांगितल्या आहेत. जिल्हा समितीने प्रत्यक्ष शिवारात काय चालले आहे ते पाहून वर कळवावे अशी अपेक्षा आहे. बैठक झाली का, हे माहिती अधिकारात विचारता येते. ते आपल्यापैकी कोणी तरी विचारावे. मलप्रभाकाठ यांनी म्हटलेली त्रुटी येथेच आहे. मान्यता केंद्राची, विक्रीचा परवाना राज्याचा, दरनियंत्रण २०१५ च्या आदेशाने पुन्हा केंद्राचे. प्रतिकार वाढतो आहे का हे पाहून हंगामाच्या मध्येच अट बदलण्याची जबाबदारी कोणा एकावर नाही.

बिनपावतीच्या पाकिटांविषयी : तणनाशक सहन करणारा कापूस भारतात मान्य नाही. त्यासाठीचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच मागे घेतला. तरीही ते बियाणे चोरट्या मार्गाने पसरले. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी उघड पेरणी करून सत्याग्रहही केला. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य असावे या त्यांच्या मागणीविषयी मतभेद असू शकतात, परंतु आपल्या बाजारात फिरणारे पाकीट हे त्या मागणीचे उत्तर नव्हे. त्यावर उत्पादकाचे नाव नसते, लॉट क्रमांक नसतो, रेफ्युजी तर नसतेच. आणि ‘अळी येत नाही’ हा दावा निराधार आहे, कारण बोंडअळीविरुद्ध त्यात फार तर बीजी-२ ची तीच दोन जनुके असतात, कधी तीही नसतात.

शिक्षेचे म्हणाल तर १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, जो आज हास्यास्पद ठरतो. पर्यावरण कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने काढली गेली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. परवान्याविना विक्री हा १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाचाही भंग आहे, तो अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली येतो आणि व्यवहारात तोच अधिक परिणामकारक असतो. तक्रार होबळीच्या (तालुक्याखालील महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तालुक्याच्या साहाय्यक कृषी संचालकांना प्रत द्यावी. कन्नडमध्ये लिहिल्यास कागद लवकर पुढे सरकतो, हा व्यवहार आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मान्यताप्राप्त बियाणे घेऊनही नुकसान झाल्यास काय, हा अधिक अवघड भाग. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९(२) प्रमाणे नोंदणीकृत वाणाने सांगितलेली कामगिरी न दाखविल्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचाही मार्ग मोकळा आहे. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. झाडात विषाचे प्रथिन नव्हते, असे पट्टी-चाचणीत निघाले तर बियाणे सदोष ठरते आणि दावा सोपा होतो. प्रथिन आहे आणि तरीही अळी जगली, तर दोष किडीच्या प्रतिकाराचा, बियाण्याचा नव्हे, असे कंपनी म्हणणार. आणि सध्याच्या कायद्यात प्रतिकाराची जबाबदारी कोणावर टाकलेली नाही. जनुक-परिवर्तित मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे जुलै २०२४ मध्ये मतैक्य झाले नाही, पण राष्ट्रीय धोरण करावे यावर दोघांचे एकमत होते. त्या धोरणात हा मुद्दा यावा, असे मला वाटते.

उत्तर : निपाणीकर

आमच्याकडे कापूस नाही, तंबाखू आणि सोयाबीन आहे, पण एक विचारतो. मक्यावरील लष्करी अळीसाठी ‘बीटी मका’ म्हणून आमच्या बाजूला कोणी तरी पाकिटे दाखवीत होता. ते तरी खरे आहे का?

उत्तर : बियाणे_परवाना

नाही. भारतात लागवडीसाठी व्यापारी मान्यता असलेले जनुक-परिवर्तित पीक प्रत्यक्षात कापूस एवढेच आहे. मक्याच्या कोणत्याही बीटी वाणाला विक्रीची मान्यता नाही. ती अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये शिमोग्याकडे प्रथम आढळली तेव्हापासून अशी पाकिटे दाखविणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळू लागले आहे. साधाच मका दुप्पट भावाने विकला जात असण्याची शक्यता अधिक.

शिवधडी

सर्वांचा आभारी आहे. आता व्यवहाराचे विचारतो. जतकडील पाहुण्यांना महाराष्ट्रात कापसाचे बियाणे उशिरा मिळते, म्हणून ते आमच्या बाजूने मे महिन्यातच नेतात, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते लगेच लावतात. आमच्याकडेही कालव्याच्या पाण्यावर काही जण तेच करतात. मी कोरडवाहू, पावसावर जूनअखेरीस पेरणारा. या लवकर लावणाऱ्यांचा मला त्रास होतो का? आणि हंगामाच्या शेवटी फुलोरा पुन्हा येतो तेव्हा झाडे उपटणे जिवावर येते, त्याचे काय करावे?

उत्तर : कीडमोजणी (धारवाड)

आपल्या प्रश्नातील पहिला भागच सर्वांत महत्त्वाचा आहे. गुलाबी अळी उन्हाळाभर सुप्तावस्थेत राहते. वाळलेल्या किडक्या बोंडांत, साठवलेल्या सरकीत आणि जिनिंगच्या कचऱ्यात. मे-जूनच्या पहिल्या पावसाच्या ओलाव्याबरोबर पतंग बाहेर पडू लागतात. त्या वेळी शिवारात पात्या-फुले नसतील, तर त्यांना अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. कापसाला पात्या साधारण ३५ ते ४० दिवसांनी लागतात. मेमध्ये पाण्यावर लावलेला कापूस जूनअखेरीस पात्यांवर येतो आणि बाहेर पडणाऱ्या पतंगांना आयता थारा देतो. तेथे एक-दोन पिढ्या वाढून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्या जूनच्या पेरणीच्या फुलांवर उतरतात. महाराष्ट्रातील उशिरा विक्रीच्या आदेशामागे हेच कारण आहे. सीमेच्या एका बाजूला विक्री बंद आणि दुसऱ्या बाजूला चालू, असे असेल तर दोन्हीकडचा आदेश निरर्थक होतो. बांध आपण कितीही उंच घातला तरी शेजारच्या शेतातले पाणी वरूनच येत असेल तर तो काय उपयोगाचा? बेळगाव आणि सांगली जिल्ह्यांच्या कृषी खात्यांनी विक्रीची तारीख एकत्र ठरवावी, असा अर्ज आपल्या ग्रामपंचायतीने जतमधील पंचायतीच्या बरोबरीने दिला, तर त्याला वजन येईल.

हंगामात काय करावे ते थोडक्यात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि रोज सकाळी पतंग मोजावेत. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय करण्याची वेळ झाली. सापळ्यातील आमिषाची वडी ठरलेल्या मुदतीत बदलावी, नाहीतर रिकामा सापळा पाहून आपण निर्धास्त राहतो. बोंडे धरू लागल्यावर आठवड्याला एकदा एकरातून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून, बोटांनी दाबून फोडावीत. दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसान दहा टक्के झाले, म्हणजे आर्थिक मर्यादा गाठली. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट कराव्यात, त्या बांधावर टाकू नयेत. सुरुवातीला निंबोळी अर्क आणि ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे यांवर भर द्यावा. कार्डे लावल्यावर त्या आठवड्यात रासायनिक फवारणी करू नये, नाहीतर विकत आणलेले मित्रकीटक आपणच मारतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा वापर हंगामाच्या आरंभी टाळावा, कारण त्याने पांढरी माशी उसळते. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारले, तर बीटीचे जे झाले तेच औषधाचे होईल. फवारणाऱ्याने तोंड, डोळे आणि हात झाकल्याशिवाय पंप उचलू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले ते याच अळीच्या हंगामात. शिवार मोठे आणि एकसंध असल्यास पतंगांचे मीलन रोखणाऱ्या गंधाच्या दोऱ्याही मिळतात, पण त्या दोन-चार एकरांत लावून उपयोग होत नाही. किमान सलग मोठा पट्टा लागतो.

आता शेवटचा फुलोरा. डिसेंबरनंतर येणाऱ्या बोंडांचे वजन कमी, धागा हलका आणि त्यांतील बहुतेक किडकी, म्हणून बाजारात भावही कमी लागतो. त्या वेचणीची मजुरी आणि फवारणी वजा केली तर हातात उरते ते थोडे, आणि पुढच्या हंगामासाठी मागे राहतात त्या अळ्या. १५० ते १६० दिवसांत पीक संपेल असे कमी कालावधीचे वाण निवडावे आणि डिसेंबरअखेर झाडे काढावीत. त्या शेतात हरभरा घ्यावयाचा असेल तर ते याहीपेक्षा लवकर करावे लागेल, हा वेगळा हिशेब. काढण्याआधी शेळ्या-मेंढ्या शेतात बसविल्या तर उरलेली हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतात. आपल्या भागात धनगरांचे कळप त्याच सुमारास फिरत असतात, तेव्हा हे बिनखर्चाचे काम आहे.

उत्तर : मलप्रभाकाठ (बैलहोंगल)

एक भर घालतो. झाडे उपटली म्हणजे काम झाले असे नाही. आमच्याकडे कापसाच्या वाळक्या काड्या सरपणासाठी घरामागे रचून ठेवतात आणि त्यांवर किडकी बोंडे तशीच लटकलेली असतात. मेपर्यंत अळी त्यांत सुखाने राहते. काड्या ठेवायच्याच असतील तर बोंडे झोडपून, गोळा करून जाळावीत. शक्य असल्यास यंत्राने काड्यांचा भुगा करून जमिनीत गाडावा. तसेच गावाजवळ जिनिंग असेल तर तेथील सरकीच्या ढिगाभोवती सापळे लावण्यास मालकाला सांगावे. एकट्याने सांगितल्यास तो ऐकत नाही. कापूस घालणाऱ्या दहा जणांनी मिळून सांगितले तर ऐकतो, हा आमचा अनुभव आहे.

उत्तर : बियाणे_परवाना

शिवधडी, या वर्षी बियाणे घ्याल तेव्हा पाकीट वरच्या कडेने कापा, म्हणजे लॉट क्रमांक, तपासणीची तारीख आणि मिश्रणातील नॉन-बीटीचे प्रमाण यांचा छापील भाग शाबूत राहील. ते रिकामे पाकीट, थोडे शिल्लक बियाणे आणि पावती पीक निघेपर्यंत एकत्र ठेवा. पावतीवर लॉट क्रमांक लिहून घेण्याचा आग्रह धरा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान पाहा. बोंडांत अळी दिसताच, वेचणी संपण्याची वाट न पाहता, साहाय्यक कृषी संचालकांकडे पंचनाम्याचा अर्ज द्या, कारण उभ्या पिकाशिवाय झालेली पाहणी पुढे कोणत्याही आयोगासमोर टिकत नाही.

शिवधडी

पंचायतीची बैठक बेंदराच्या आधी आहे. विक्रीच्या तारखेचा अर्ज कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून तेथे ठेवतो. जतच्या पाहुण्यांशी बोलणे झाले आहे, तेही त्यांच्या बाजूने तोच मजकूर देणार आहेत. सापळे मात्र सध्या आमच्या वाडीतील सहा घरांनीच घ्यायचे ठरवले आहे, बाकीचे अजून विचार करीत आहेत.